योग झाला, क्षेमाचें काय?

आमच्या वाचकवर्गांत असें कुटुंब आतां विरळाच असेल, कीं ज्यांतील एखादा मुलगा, पुतण्या अथवा जांवई परदेशीं नोकरीस नाहीं. तिकडून येणाऱ्या वर्तमानांत नव्या घराच्या खालोखाल नव्या मोटारीचा मान असतो. हल्लीं ही मोटार पुष्कळदां विजेची असते, आणि ती किंमतीनें जितकी भारी, तितकें येथील वडील मंडळींस समाधान अधिक. मोठ्या कंपनीची वस्तु घेतली, तेव्हां मुलांची काळजी मिटली, असा आपला समज. हा समज कितपत खरा आहे याचा विचार या महिन्यांत करूं. आणि त्यासाठीं त्या मोटारींतील एका लहानशा अवयवाकडे पाहूं. तो म्हणजे आंतील हवा उबदार ठेवणारा हीटर. आपल्याकडे त्याची आठवणही होत नाहीं. परंतु जेथें पारा शून्याखालीं वीस अंश उतरतो, तेथें तो चैनीची वस्तु राहत नाहीं.

प्रथम यंत्राची गोष्ट. पेट्रोलच्या मोटारींत जळणाच्या उष्णतेपैकीं सुमारें दोन-तृतीयांश भाग चाकांपर्यंत न पोंचतां वायां जातो. इंजिन थंड राखणारें पाणी त्यांतील कांहीं उष्णता घेतें. त्या पाण्याच्या नळ्यांवरून हवा फिरवून ती आंत सोडली, कीं बसणारांस ऊब मिळते. चुलीवर भात शिजत असतां वैलावर आंघोळीचें पाणी तापावें, तसा हा प्रकार. निराळें सरपण लागत नाहीं. विजेची मोटार मात्र इतकी काटकसरी, कीं तिच्यांत वायां जाणारी उष्णता फारच थोडी. वैलच नाहीं, तेव्हां ऊब हवी तर बॅटरींतील वीज खर्चून ती मुद्दाम उत्पन्न करावी लागते.

याचे मार्ग दोन. पहिल्यांत बेरियम टायटॅनेटसारख्या सिरॅमिक पदार्थांतून वीज सोडून तो तापवितात. ठराविक उष्णमानापलीकडे त्याचा विजेस होणारा विरोध एकदम वाढतो, म्हणून तो स्वतःच स्वतःस आंवरतो, हा त्याचा मोठा गुण. परंतु कडक थंडींत तो पांच-सहा किलोवॅट वीज घेतो. न्हाणीघरांतील दोन किलोवॅटचे तीन गीझर एकदम चालू करण्यासारखेंच तें. दुसरा मार्ग हीट पंपाचा. हा म्हणजे उलट चालविलेलें शीतकपाट. बाहेरच्या गार हवेंतूनही उष्णता ओढून तो आंत आणतो. सौम्य थंडींत एका भागाच्या विजेवर तो दोन-तीन भाग ऊब देतो; थंडी कडक झाली, कीं त्याचीही शक्ति ओसरते. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशननें २०१९ सालीं पांच विद्युत्-मोटारींची परीक्षा केली. उणे ७ अंश सेल्सिअसच्या सुमारास हीटर बंद असतां एका भरणींत होणारा प्रवास सरासरी १२ टक्क्यांनीं घटला. हीटर चालू करतांच ती घट ४१ टक्के झाली.

हें झालें हीटर धड असतांचें. तो बिघडला म्हणजे प्रश्न निराळा. हा हीटर मोटारीच्या मुख्य बॅटरीवर, म्हणजे सुमारें ४०० व कांहीं मोटारींत ८०० व्होल्टवर चालतो. आंत ओलावा शिरला अथवा त्यांतील इलेक्ट्रॉनिक भाग जळाला, कीं तो बंद पडतो. कित्येक मोटारींत बॅटरीस ऊब देण्याचें कामही त्याच्याकडेच असतें. मग भरणीही मंदावते. सर्वांत वाईट म्हणजे समोरच्या कांचेवरील हिंव वितळत नाहीं, आणि चालकास रस्ता दिसेनासा होतो. अमेरिकन सरकारनें कांच मोकळी राखण्याच्या व्यवस्थेस सुरक्षिततेच्या नियमांत स्थान दिलें आहे, तें याचसाठीं. हीट पंपाची एक झडप भलत्या वेळीं उघडून कांच साफ होण्यांत व्यत्यय येतो, म्हणून टेस्ला कंपनीस २०२२ सालीं २६,६८१ मोटारींबाबत परत-बोलावणी जाहीर करावी लागली. दोष संगणकाच्या आज्ञांत होता; तो दुरूनच दुरुस्त करतां आला. २०२४ सालीं लूसिड कंपनीसही आपल्या ‘एअर’ मोटारींतील हीटरसाठीं तसेंच करावें लागलें. तेव्हां भारी किंमत म्हणजे निर्दोषपणा नव्हे, एवढें यावरून दिसतें.

आमच्या परिचयाचें एक महाराष्ट्रीय कुटुंब मिनेसोटा राज्यांत राहतें. घरांत सात महिन्यांचें मूल, आणि नातवाच्या कौतुकासाठीं येथून गेलेली आजी. २०२५ च्या जानेवारींत, मुलास डॉक्टरांकडून घरीं आणतांना, त्यांच्या उंची मोटारीचा हीटर वाटेंतच थंड पडला. मुलाची आई हातरुमालानें आंतून कांच पुशीत होती, आणि आजीनें आपली शाल सोडून बाळाभोंवतीं गुंडाळली होती. घर आलें, अनर्थ टळला. खरी कसोटी पुढेंच होती. विक्रेत्याच्या वर्कशॉपनें बारा दिवसांनंतरची तारीख दिली. गाडी तेथें उबदार छपराखालीं रात्रभर राहिली, सकाळीं हीटर नीट चालला, आणि ‘दोष आढळला नाहीं’ असा शेरा मिळाला. तीन दिवसांनीं तो पुन्हां बंद. दुसऱ्या खेपेस दोष सांपडला. परंतु भाग शिल्लक नव्हता, बदली मोटार नव्हती, आणि उच्च दाबाच्या विजेचें काम करणारा एकुलता एक कारागीर रजेवर होता. विक्रेता म्हणे, कंपनीस विचारा. कंपनी म्हणे, विक्रेत्यास विचारा. तेव्हां आजीनें मुलास सरळ विचारलें, “अरे, या गाडीचे पैसे आपण कमी दिले होते काय?”

विक्रेत्याची बाजूही ऐकली पाहिजे. हमीच्या मुदतींतील दुरुस्तीचे पैसे त्यास कंपनीकडून मिळतात, आणि ते कामाच्या ठराविक तासांच्या हिशेबानें. लपलेला दोष शोधण्यांत गेलेला वेळ पुष्कळदां त्याच्या पदरीं पडत नाहीं. अशा विजेचें काम विशेष शिक्षण घेतलेल्यानेंच करावयाचें असतें, आणि असे कारागीर थोडे. कारणें खरीं आहेत. पण तीं गिऱ्हाइकानें कां सोसावींत? मोटार विकतांना या अडचणींचा उच्चारही झालेला नसतो.

संस्कृतांतील ‘योगक्षेम’ हा जोडशब्द येथें उपयोगी पडतो. न मिळालेलें मिळणें हा योग. मिळालेलें राखणें हा क्षेम. हल्लींचा व्यापार योगाविषयीं अतिशय तत्पर, आणि क्षेमाविषयीं तितकाच उदासीन झाला आहे. म्हणूनच कायद्यास मध्यें पडावें लागलें. अमेरिकेंत कनेक्टिकट राज्यानें १९८२ सालीं सदोष मोटारींविषयीं पहिला कायदा केला, आणि पुढें सर्व राज्यांनीं कमीअधिक फरकानें तसे कायदे केले. एकच मोठा दोष वाजवी खेपांत दुरुस्त झाला नाहीं, अथवा मोटार फार दिवस वर्कशॉपांतच पडून राहिली, तर ती बदलून अथवा पैसे परत मागण्याचा हक्क नव्या मोटारीच्या धन्यास मिळतो. नॉर्वेंत २००२ च्या ग्राहक-कायद्यानें दीर्घकाळ टिकावयाच्या वस्तूंविषयीं पांच वर्षेंपर्यंत तक्रार करतां येते. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे.

परंतु हक्क सिद्ध होतो तो कागदावर. आपल्या सुशिक्षित घरांतून ‘दुकानदाराशीं वाद कशाला’ अशी एक भिडस्त वृत्ति असते. उपर्युक्त गृहस्थही दोन महिने फोनवरच गोड बोलत राहिले. शेवटीं त्यांच्या पत्नीनें प्रत्येक खेपेची तारीख, बाहेरचें उष्णमान, पडद्यावर उमटलेल्या सूचनेचें छायाचित्र व वर्कशॉपचा शेरा अशी यादी करून कंपनीस लेखी पत्र धाडलें. त्यांत एकही कडू शब्द नव्हता. पंधरा दिवसांत नवा हीटर बसला. लेखी मागणें म्हणजे भांडण नव्हे. तो व्यवहाराचा शिष्टाचारच आहे.

परदेशीं असलेल्या मंडळींस कळविण्यासारख्या आणखी चार गोष्टी. हीटरची परीक्षा थंडी सुरू होण्यापूर्वीं, ऑक्टोबरांतच करावी. मोटार भरणीस लावलेली असतांनाच आंतून उबदार करून घ्यावी, म्हणजे तो भार बॅटरीवर पडत नाहीं. बैठकीची ऊब हीटरच्या मानानें फारच थोडी वीज घेते. तिचा उपयोग आधीं करावा. मोटारींत घोंगडी, हातमोजे व कांच खरवडण्याची पट्टी ठेवावी. लहान मुलास मात्र जाड कोट घालून आसनाच्या पट्ट्यांत बांधूं नये, पट्टे सैल राहतात. पट्टे आंवळून वरून पांघरूण घालावें.

आणि हमीपत्र खरेदीपूर्वीं वाचावें. अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या कित्येक उंची मोटारींवर बॅटरीची हमी आठ वर्षांची असली, तरी इतर भागांची चार वर्षें अथवा ५०,००० मैल एवढीच असते. हीटर कोणत्या सदरांत येतो, हें विचारून घ्यावें. विक्रेत्याकडे शिकलेले कारागीर किती, आणि दुरुस्तीच्या काळांत बदली मोटार मिळेल काय, याचेंही उत्तर लेखी मागावें.

आपण वडील मंडळी मात्र मुलांचा फोन आला, कीं पहिला प्रश्न करतों, “केवढ्याला घेतली?” त्याऐवजीं “बिघडली तर नीट कोण करतो?” असें विचारण्याची संवय लावून घेतली, तर तिकडच्या सुनानातवंडांचें अधिक कल्याण होईल.