जॅक्सनच्या आधी : बाबाराव सावरकरांना काळे पाणी कशासाठी झाले?

नाशिकच्या क्रांतिपर्वाचा विषय निघाला की एक वाक्य सर्रास ठोकून दिले जाते : ‘जॅक्सन वधाच्या कटात सावरकर बंधूंना काळे पाणी झाले.’ धाकट्या बंधूंपुरते ते बऱ्याच अंशी खरे आहे. थोरल्यांच्या, म्हणजे भगूरच्या गणेश दामोदर उपाख्य बाबारावांच्या बाबतीत ते साफ चूक आहे. आणि ही चूक किरकोळ नव्हे.

कालक्रम पाहावा. जून १९०९ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली. नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. कलेक्टर जॅक्सन विजयानंद नाट्यगृहात मारला गेला तो २१ डिसेंबर १९०९ रोजी. म्हणजे शिक्षा आधी, वध नंतर. बाबारावांवरील खटला पुढे पाठवणारा अधिकारी जॅक्सनच होता, आणि अनंत कान्हेरे यांच्या गोळ्यांमागे या शिक्षेचा संताप होता. जे वधाचे कारण, त्यालाच वधाचा परिणाम म्हणून सांगायचे, हा इतिहास नव्हे, इतिहासाचा उलटा पट होय.

मग गुन्हा कोणता? १९०८ साली प्रसिद्ध झालेली ‘लघु अभिनव भारत माला’ ही कवनांची पुस्तिका. तिच्यातील कवने तिळभांडेश्वर गल्लीतील त्या मंडळात वावरणाऱ्या, पायांनी अधू असलेल्या कवी गोविंदांची. ती प्रसिद्ध करणारे बाबाराव. आरोप लागला तो दंडविधानाच्या कलम १२१ चा, म्हणजे बादशहाविरुद्ध युद्धास चिथावणी दिल्याचा. हे कलम फाशी किंवा जन्मठेप काळे पाणी, शिवाय मालमत्तेची जप्ती, याखाली काही जाणत नव्हते. तुलनेसाठी एकच दाखला पुरे. आदल्याच वर्षी लोकमान्य टिळकांवर ‘केसरी’तील लेखांसाठी राजद्रोहाचे कलम लागले आणि सहा वर्षे झाली. लेखांना सहा वर्षे, कवनांना जन्म!

उच्च न्यायालयातील निकाल न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकरांचा. १९०० सालच्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष, प्रार्थना समाजाचे धुरीण आणि मराठीचे मर्मज्ञ. देवादिकांची आणि शिवरायांची नावे हे निमित्त आहे, खरा उपदेश चालू राजवटीविरुद्ध युद्धाचा आहे, असे त्यांनी ठरवले. प्रामाणिकपणे सांगायचे तर त्यांनी कवनांचा अर्थ बरोबरच लावला होता. गोविंदांच्या मनात रावण आणि अफजलखान नव्हतेच. प्रश्न अर्थाचा नाही, मापाचा आहे. कवनांची छापील पाने हे ‘युद्ध’ मानायचे आणि तलवार उपसणाऱ्याच्या बरोबरीने छापणाऱ्याला तोलायचे, हे माप कोणत्या न्यायाचे?

येथे भक्तमंडळींनाही चार शब्द सुनावणे आवश्यक आहे. बाबारावांना निरुपद्रवी काव्यप्रेमी ठरवणे हाही सत्याचा अपलापच. ते अभिनव भारताचे नाशकातील कर्ते संघटक होते. त्यांच्या घराच्या झडतीत बाँबच्या कृतीचा मजकूर सापडला होता. पण शिक्षेचा पाया ती कृती नव्हती, पुस्तिका होती. ज्याला जे केल्याबद्दल शिक्षा झाली तेच त्याच्या नावावर मांडावे, वाढवूही नये, घटवूही नये. तसेच त्यांच्या १९३४ च्या ‘राष्ट्रमीमांसे’वर कोणाला वाद घालायचा असेल तर जरूर घालावा, मात्र १९३४ चा राग १९०९ च्या निकालपत्रावर काढू नये.

पुढे सेल्युलर जेल. कोलूला जुंपून दिवसाला ३० पौंड तेल काढणे, एकांतकोठडी, आजारपणे. धाकटा भाऊ १९११ मध्ये त्याच तुरुंगात आला, त्यानंतर लोकांच्या स्मृतीत थोरल्यासाठी जागाच उरली नाही. नाशकात पत्नी यशोदाबाई, म्हणजेच येसूवहिनी, मागे राहिल्या. जप्तीने घर उघडे पडले, तरी त्यांनी स्वदेशीचे व्रत घेतलेल्या स्त्रियांचे मंडळ चालवले. १९१९ साली त्या वारल्या. पती तेव्हा अंदमानातच होते.

१९२१ मध्ये दोघे बंधू हिंदुस्थानच्या तुरुंगांत परत आणले गेले. सप्टेंबर १९२२ मध्ये साबरमतीहून बाबाराव सुटले ते खाटेला खिळलेल्या अवस्थेत. त्यानंतरही ते बावीस वर्षे काम करीत राहिले आणि १६ मार्च १९४५ रोजी सांगलीत निवर्तले.