ऑटो स्विच वर्गात चालवून पाहा

ईटच्या शिवारात ‘वीज आली की मोटार सुरू’ हा ऑटो स्विचचा नियम. एकेका विहिरीवर तपासला, तर तो निर्दोषच ठरेल. परंतु सुरू होताना मोटार क्षणभर सुमारे ६ पट प्रवाह ओढते. एका डीपीवरच्या २० मोटारी एकदम उठल्या, तर? एरियन-४ अग्निबाणातली आज्ञावली एरियन-५च्या उड्डाणमार्गावर न तपासताच वापरली गेली. १९९६ साली तो सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला.

नियम तपासावा तो साऱ्या व्यवस्थेच्या चालत्या प्रतिकृतीत, असे माझे ठाम मत आहे. संगणक नसेल, तर २० मुलांनी मोटारी व्हावे (आनंदाने होतात!). ‘वीज आली’ म्हणताच आपापल्या क्रमांकाइतके अंक मोजून उठावे. उठणाऱ्याचे ६, उभ्याचा १, असा भार डीपी झालेल्या मुलीने मांडावा. मग मधेच वीज घालवा, परत आणा. मोजणी पुन्हा एकपासून होते का?