घरची बोली आणि शाळेची बोली

माझी नात गेल्या जूनमध्ये ज्युनिअर केजीत जाऊ लागली. त्याआधी ती घरात दिवसभर बडबड करायची. शाळा सुरू झाल्यावर दोन महिन्यांत तिचं बोलणं आटलं. शाळेतून निरोप आला, "मुलगी वर्गात काहीच बोलत नाही. घरी तिच्याशी इंग्रजीतच बोला."

आम्ही याच मातीतले मुसलमान. बाहेर मराठी, घरात दखनी. नात बोलते ती भाषा उर्दूच्या पाठ्यपुस्तकात नाही आणि मराठीच्याही नाही. पाणी हवं असेल तर ती म्हणते, "मेरेकू पानी होना." नको असेल तर "नक्को." तिची पाण्याची बाटली शाळेतून रोज भरलेलीच परत यायची. झाकण घट्ट होतं आणि ते उघडून द्या म्हणायला तिच्याकडे शाळेतले शब्द नव्हते. एकदा तिनं आपल्या शब्दांत मागितलं, तर मुलं हसली. त्यानंतर तिनं मागणंच सोडलं. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

तोवर आम्ही शाळेचं ऐकलं होतं. मुलगा आणि सून तिच्याशी इंग्रजी बोलू लागले. आमच्या घरातलं इंग्रजी केवढं? कम, सिट, ईट, वॉश हँड, स्लीप. सगळे हुकूम! तिची दादी तर गप्पच झाली, कारण तिला इंग्रजी येत नाही. नातीशी सर्वांत जास्त बोलणारं माणूस तीच होती. रात्रीच्या गोष्टी बंद झाल्या.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी कान तपासून घेतले. कान ठीक निघाले. मग स्पीच थेरपिस्टनी सांगितलं, तिला येणारे सगळे शब्द लिहून काढा, कुठल्याही भाषेतले असोत. आम्ही लिहीत गेलो आणि दोन पानं भरली. शाळा फक्त इंग्रजी शब्द मोजत होती, म्हणून मुलगी मागे वाटत होती. दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं मुलाचं बोलणं खुंटत नाही, हे त्यांनी समजावलं. नव्या भाषेत काही मुलं बरेच दिवस नुसती ऐकत राहतात, नंतर बोलतात. मात्र मूल घरच्या भाषेतही मागे असेल, तर "आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात" म्हणून थांबू नये, तपासून घ्यावं.

आम्ही पुन्हा दखनीवर आलो. दादीच्या गोष्टी सुरू झाल्या. सुनेनं वर्गशिक्षिकेला एका कागदावर पाच-सहा वाक्यं लिहून दिली: पाणी हवंय, पोट दुखतंय, शूला जायचंय, यांना आमच्या घरात काय म्हणतात ते. त्या बाईंनी कागद जपून ठेवला आणि वापरला, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.

आपल्या समाजात वाद असतो तो उर्दू, मराठी की इंग्रजी माध्यम, यावर. इंग्रजी निवडणाऱ्या आईबापांना मी दोष देत नाही. नोकरीची चिंता खरी आहे, आम्हीही तेच केलं. पण माध्यम कुठलंही घ्या, पहिल्या दिवशी मूल शाळेत येतं ते घरची बोली घेऊन. संविधानाचं कलम 350 अ भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याच्या सोयी करायला सांगतं. 2009 चा शिक्षण हक्क कायदा शक्य तिथे मातृभाषेतून शिकवा म्हणतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा आहे. दखनी, पावरी, गोरमाटी बोलणाऱ्या मुलांना यातलं किती मिळतं? त्यांच्या भाषेतली शाळा उद्या निघणार नाही, हे मलाही कळतं. पण शिक्षकानं त्या भाषेतले दहा शब्द शिकायला पैसा लागत नाही. आणि "घरची भाषा बंद करा" हा सल्ला तर शाळांनी आजच बंद करावा. आईबापांनीही तो ऐकू नये. ज्या भाषेत तुम्हाला हसता, रागावता आणि गोष्ट सांगता येते, तिच्यातच मुलाशी बोला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर नात वर्गात पहिल्यांदा आपणहून बोलली: "टीचर, बॉटल ओपन करके होना." या वेळी कुणी हसलं नाही. बाटली त्या दिवशी रिकामी घरी आली.