वारेतून गेलेलं सांडपाणी

वार पोटातल्या पोराला जपते, विष आत येऊ देत नाही, असं डॉक्टर लोक सांगायचे. जपानातल्या मिनामाताच्या कोळणींनी पोरं बघितली. मान न धरणारी, घास न गिळणारी. आई मात्र चालतीफिरती. म्हणून डॉक्टर म्हणाले, हा जन्माचा लकवा, विषाचा संबंध नाही. १९६२ साली कबूल करावं लागलं, पारा वारेतूनच गेला. आईच्या अंगातला पोरानं ओढून घेतला!

पारा चिस्सो कंपनीचा. १९३२ पासून सांडपाण्यातून समुद्रात, तिथून मासळीत, मासळीतून गरिबाच्या ताटात. रोग १९५६ ला उघड झाला. १९५९ ला कंपनीच्याच डॉक्टरनं, होसोकावानं, ते पाणी मांजराला चारलं. मांजर तडफडलं. कंपनीनं निकाल दाबला आणि १९६८ पर्यंत धंदा चालू ठेवला. पुढं हाराडा नावाच्या डॉक्टरनं लोकांनी घरी डबीत जपलेल्या पोरांच्या सुक्या नाळा तपासल्या. त्यांत पारा निघाला.

आता आतड्याचं बघा. तिथं राहणारे काही जंतू या मिथिल पाऱ्याची मोडतोड करतात, मग तो शौचातून बाहेर पडतो. औषध देऊन उंदरांचे जंतू मारले, तर पारा अंगातच साचला. अंगावर पिणारी पिल्लं तर दूध सुटेपर्यंत तो जवळजवळ टाकतच नाहीत. गोदीच्या भाषेत सांगायचं तर माल उतरलाय आणि पाळीवर उचलायला माणूस नाही. शिशाचंही तसंच. गाभण उंदरीला शिसं पाजलं, तर पिल्लं मोठी झाली तरी त्यांच्या आतड्यातल्या जंतूंची वस्ती बदललेली दिसली.

यावर शहाणे पोटुशी बाईला सांगतात, दही खा, मासळी जपून खा. खावं की. पण गटार तिनं सोडलं होतं काय? ताटाचा हिशोब मागता, नळीचा कोण देणार?

चिस्सोच्या एका कामगार युनियननं ऑगस्ट १९६८ मध्ये ठराव केला, या रोगाविरुद्ध आपण आजवर लढलो नाही याची लाज वाटते म्हणून. रोग उघड होऊन बारा वर्षं झाली होती.

जुन्या बोटीचा रंग खरवडणाऱ्याच्या कपड्यावरून शिसं घरी येतं. ते कपडे बायको धुते. गेटवर अंघोळीला पाणी आणि कपडे धुवायची सोय, ही मागणी पुढच्या सभेत आम्ही मांडतोय. या.