गॅलरी गेली कोठे?

मुंबईच्या उपनगरांत जी जी सहकारी गृहनिर्माण संस्था पुनर्विकासाच्या वाटेवर आहे, तिच्या सर्वसाधारण सभेत बहुधा चारच प्रश्न विचारले जातात. जागा किती वाढवून मिळणार, मधल्या काळात भाडे किती मिळणार, कॉर्पसची रक्कम किती आणि गाडी कोठे लावायची. आमच्या संस्थेत अलीकडेच अशी सभा झाली. ती साडेतीन तास चालली. पण नव्या सदनिकेच्या खिडक्या कोणत्या दिशेला उघडणार आणि त्यांच्यासमोरची भिंत किती हातांवर असणार, हे एकाही सभासदाने विचारले नाही. मीही विचारले नाही, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याची नजरदेखील चौरस फुटांच्या आकड्यावरच खिळते.

आजच्या घरांच्या रूपाविषयी बोलताना आपण लोकांच्या अभिरुचीला दोष देऊन मोकळे होतो. ओसरी गेली, पडवी गेली, आता गॅलरीही गेली. कारण काय, तर माणसे परक्यांची नक्कल करू लागली! हे निदान सोपे आहे, परंतु अपुरे आहे. घराचा आकार ठरविण्यात वास्तुविशारदाच्या पेन्सिलीपेक्षा मोजणीच्या पट्टीचा वाटा मोठा असतो. इंग्लंडमध्ये १६९६ साली घराच्या खिडक्या मोजून कर बसविण्यात आला. लोकांनी खिडक्या विटांनी बुजविल्या आणि १८५१ साली तो कर रद्द होईपर्यंत कित्येक घरांनी उजेडाविना दिवस काढले. त्या लोकांना अंधाराची आवड होती असे कोणी म्हणणार नाही.

आपल्याकडील पट्टीचे नाव चटईक्षेत्र निर्देशांक. भूखंडाच्या मानाने एकूण किती बांधकाम करता येईल, हे तो ठरवितो. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत मजल्याच्या क्षेत्रफळाच्या दहा टक्क्यांपर्यंतची गॅलरी या मोजणीतून वगळलेली होती. हेतू स्तुत्य होता. उन्हापावसाच्या या शहरात खोलीपुढे थोडी सावली असावी आणि त्यासाठी बांधणाऱ्याला भुर्दंड पडू नये, एवढाच तो होता. पण जे फुकट मिळते ते विकता आले तर नफा निव्वळ असतो. गॅलऱ्या काचा लावून बंद झाल्या, पैसे भरून त्या बंद करण्याची सोय नियमातच होती, आणि बंद झालेली गॅलरी दिवाणखान्याच्या भावाने विकली गेली. फुलझाडांसाठी म्हणून सोडलेले कट्टेही यथावकाश खोल्यांत सामील झाले. त्या कट्ट्यांवर फुले उमललेली पाहिल्याचे मला तरी स्मरत नाही.

जानेवारी २०१२ मध्ये मुंबई महापालिकेने हा मार्ग बंद केला. गॅलरी, फुलझाडांचा कट्टा, कोनाडे, सर्व काही मोजणीत घेतले आणि त्याच्या बदल्यात निवासी इमारतींना अधिमूल्य आकारून ३५ टक्के पूरक निर्देशांक दिला. डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या बहुतेक उर्वरित भागासाठी जी एकत्रित नियमावली आली, तिनेही सरसकट मोजणीचेच तत्त्व स्वीकारले. दरम्यान २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ग्राहकाला एक मोठा दिलासा दिला. सदनिकेची विक्री प्रत्यक्ष चटईक्षेत्रावर व्हावी असे ठरले, आणि त्या चटईक्षेत्राच्या व्याख्येतून गॅलरी वगळण्यात आली. (मराठीत दोन्हीकडे चटईच आहे, पण महापालिकेची चटई वेगळी आणि ग्राहकाची वेगळी, हे ध्यानात ठेवावे.)

आता या दोन्ही सुधारणा शेजारी शेजारी ठेवून पाहा. गॅलरी बांधली तर बांधणाऱ्याचा निर्देशांक खर्ची पडतो; आणि ग्राहक ज्या आकड्याला भाव लावतो त्या आकड्यात ती येत नाही. कोणता शहाणा विकासक ती बांधील? नियम करणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. लबाडी थांबली आणि लबाडीबरोबर सावलीही गेली. नव्या इमारतींच्या सपाट भिंती, त्यांत बसविलेल्या सरकत्या काचा आणि खिडकीखाली लटकणारी वातानुकूलन यंत्रे ही या हिशेबाचीच दृश्य फळे आहेत.

हा प्रश्न कलावंतांना सुचला नव्हता असे नाही. चार्ल्स कोरिया यांनी १९८३ साली कंबाला हिलवर पूर्ण केलेल्या 'कांचनजंगा' इमारतीत नेमका हाच पेच सोडविला आहे. मुंबईत वारा आणि समुद्राचे दर्शन पश्चिमेकडून, आणि दुपारचे ऊन व पावसाचा मारा हेही पश्चिमेकडूनच. जुन्या बंगल्यांनी भोवती व्हरांडा फिरवून यावर तोड काढली होती. कोरियांनी तोच व्हरांडा दोन मजले उंचीच्या गच्चीच्या रूपाने वर नेला. ती घरे अर्थातच श्रीमंतांची. पण त्याच सुमारास बेलापूरला सिडकोसाठी त्यांनी बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सात-सात घरे एका अंगणाभोवती बसविली. तेथेही पुढे जमिनीचा भाव चढला आणि अनेक मूळ घरांच्या जागी मोठी घरे उभी राहिली.

मी स्वतः चाळीत वाढलो. चाळीच्या सामाईक गॅलरीचे गोडवे गाण्याची आपल्याकडे रीत आहे, ती मला मान्य नाही. गॅलरीच्या टोकाला सामाईक शौचालय असे आणि पहाटे तेथे रांगेत उभे राहणाऱ्या माझ्या आईला त्या गॅलरीत काव्य दिसत नसे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणाऱ्या माणसाला वाऱ्याचे महत्त्व पटवू जाणे हा आगाऊपणाच ठरेल. मात्र वारा आणि ऊन ही चैन नव्हे, हेही तितकेच खरे आहे. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आयआयटी मुंबईच्या साहाय्याने मानखुर्द-गोवंडी भागातील पुनर्वसन वसाहतींची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये इमारती एकमेकींना जवळजवळ खेटून उभ्या आहेत. तेथे क्षयरोगाचे प्रमाण मोकळ्या मांडणीच्या वसाहतीपेक्षा कितीतरी अधिक आढळले, आणि ज्या खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही तेथे ते विशेष होते. खिडक्या त्या घरांनाही आहेत. खिडकीबाहेर हवा आहे की भिंत, याची नोंद चौरस फुटांच्या हिशेबात होत नाही.

मध्यमवर्गीयाच्या घरात हीच उणीव वीजबिलाच्या रूपाने येते. बांधणारा एक आणि बिल भरणारा दुसरा असला की काटकसर कोणाच्याच हिशेबात बसत नाही, हे कार्यालयांच्या काचेच्या इमल्यांना लागू आहे तसेच आपल्या दोन खोल्यांनाही. वर अंतर्गत सजावटीची भर. राष्ट्रीय इमारत संहितेने राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर सांगितली आहे. बहुतेक घरे त्या किमानाच्या आसपासच असतात. त्यांत आपण हौसेने फॉल्स सीलिंग लावून अर्धा फूट आणखी गमावतो, पंखा डोक्याशी आणतो आणि मग उकडते म्हणून यंत्र बसवितो. एका विद्यार्थ्याच्या आग्रहावरून मी एक नमुना सदनिका पाहण्यास गेलो होतो. तो विक्री विभागात नोकरीला आहे. पलंग नेहमीपेक्षा आखूड, आतल्या खोल्यांना दरवाजे नाहीत, दिवे भरदुपारी लावलेले! दिवे मालवून दाखव म्हणालो, तेव्हा तो बिचारा नुसता हसला.

केंद्राने २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' काढली. भिंतीखिडक्यांतून किती उष्णता आत यावी आणि उघडणारी खिडकी किमान किती असावी, याची मापे तीत आहेत. स्थानिक बांधकाम परवानगीशी ती घट्ट जोडली जात नाही तोवर तिचा उपयोग अभ्यासापुरताच. सिंगापूरने गॅलरीसाठी जादा बांधकामाची सवलत दिली, तेव्हा तेथील विकासकांनी उलट गॅलऱ्याच फुगवून विकल्या. २०१९ मध्ये सवलत दहावरून सात टक्क्यांवर आणावी लागली आणि गॅलरीची रुंदी किमान दीड मीटर असावी अशी अट आली. म्हणजे सवलत द्यायची तर ती मापून आणि राखण करून दिली पाहिजे. आपल्याकडे १९९१ मध्ये राखण नव्हती, २०१२ मध्ये सवलतच गेली. कायम उघडी राहणारी, ठराविक रुंदीची गॅलरी मोजणीतून वगळावी आणि ती बंद केल्यास दंड दरवर्षी मालमत्ता कराच्या बिलातून वसूल व्हावा, एवढी तरतूद करण्यास महापालिकेला नवे खाते उघडावे लागणार नाही.

आमच्या संस्थेची पुढील सभा नकाशे पाहण्यासाठी आहे. विषयपत्रिकेवर खिडक्यांची दिशा आणि दोन इमारतींमधील अंतर हा विषय घ्यावा, असे पत्र मी चिटणीसांकडे दिले आहे. "वेळ उरल्यास," असे ते म्हणाले.