चेन ट्रॅक्टर किलोवर देण्याआधी थांबा



आज फवारणीचा सल्ला नाही, एक मत मांडायचंय.

आपल्या एका सभासदाचा जुना चेन ट्रॅक्टर दोन वर्षांपासून बांधाला उभा आहे. इंजिन धूर मारतं, ऑइल खातं. तीन भावांची वाटणी व्हायचीय, म्हणून भंगारवाल्याला उक्ता द्यायचं ठरलं होतं. त्याआधी मी त्यांच्यासोबत मुंबईला, माझगावच्या दारूखान्यात जाऊन आलो. रे रोड स्टेशनजवळचा हा जुन्या लोखंडाचा बाजार. तोडलेल्या जहाजांचं सामान इथे वर्षानुवर्षं विकलं जातं. तिथे एकाच गल्लीत पंपाला, इंजिनाला दोन भाव दिसले. वापरता येईल ते नगावर, बाकीचं किलोवर. आपण गावात मात्र अख्खं मशीन किलोच्या भावात देतो, तेही काटा न करता.

*माझं मत: इंजिनाचं काम निघालं म्हणून मशीन भंगार होत नाही. आणि फक्त विकण्यासाठी इंजिन बांधण्यातही पैसे घालू नका.*

१) *आधी भंगाराचा हिशेब करा.* बीईएमएलच्या डी-५० सारखं मशीन ब्लेडसह १० टनांच्या वर भरतं. समजा दर २५ रुपये किलो धरला, तरी १० टनांचे अडीच लाख होतात. खरा दर त्या दिवशी विचारा, ट्रेलर-क्रेनचा खर्च वजा करा. या आकड्याच्या खाली कुणालाही होकार देऊ नका.

२) *खालचा भाग बघा.* चेन, रोलर, आयडलर, स्प्रॉकेट. जाणतं गिऱ्हाईक आधी तिथेच वाकून बघतं, कारण मोठा खर्च तिथे असतो. हे चांगलं असेल तर मशीनला मशीनचा भाव मागा.

३) *धूर ओळखा.* काळा असेल तर एअर फिल्टर, नोझल तपासा, थोडक्यात काम भागू शकतं. निळा असेल तर ऑइल जळतंय, बहुधा रिंगा-लायनर गेलेत. मग इंजिन खोलू नका. पोत्यात भरलेल्या इंजिनावर कुणी विश्वास ठेवत नाही. चालू करून दाखवता येईल असं ठेवा. पावसाळ्यात सायलेन्सरवर डबा उपडा घाला, नाहीतर पाणी आत जाऊन इंजिन जाम होतं.

४) *दोष सांगून विका.* रंग मारून लपवलेला दोष पहिल्याच दिवशी उघडा पडतो, आणि गिऱ्हाईक ओळखीतलंच असतं. काय बिघडलंय ते पावतीवर लिहा. बँकेचा बोजा असेल तर आधी ना हरकत दाखला घ्या.

कुणी म्हणेल, गावोगाव जेसीबी आलेत, आता चेन ट्रॅक्टर कोण घेणार? पण सपाटीकरणात चेनवर वजन पसरतं, मऊ जमिनीत मशीन कमी रुततं. दिवाळीनंतर ही कामं निघाली की विचारणाही होते.

मात्र चेनही झिजली आणि इंजिनही गेलं असेल, तर वडिलांची आठवण म्हणून गंजत ठेवू नका. काटा करा, तिघा भावांसमोर पैसे मोजा आणि मोकळे व्हा.

त्या सभासदांनी सौदा थांबवलाय. आधी चेन तपासून घेणार आहेत. तुमच्याकडेही असं मशीन उभं असेल तर विकण्याआधी ऑफिसला फोटो पाठवा. कदाचित घेणारा आपल्यातच निघेल.

आपला,
कृषी सल्लागार