मुद्देमालाचा धनी कोण?

फेब्रुवारी 2025 मध्ये बेंगळुरूच्या विशेष न्यायालयाने सुमारे 27 किलो सोन्या-हिऱ्यांचे दागिने आणि 1,526 एकर जमिनीचे दस्तऐवज तामिळनाडू सरकारच्या स्वाधीन केले. जयललिता यांच्या बेहिशेबी मालमत्ता प्रकरणातील हा मुद्देमाल डिसेंबर 1996 पासून सरकारी ताब्यात होता. दरम्यान सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 2003 मध्ये खटला कर्नाटकात आला. 2014 मध्ये शिक्षा झाली, 2015 मध्ये उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरविले. 2016 मध्ये जयललितांचे निधन झाले आणि 2017 मध्ये उर्वरित आरोपींची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. अंतिम निकालानंतरही पेट्या हलायला आठ वर्षे लागली.

दागिन्यांचे निदान वजन तरी घटले नाही. छाप्यातील यादीत 10 हजारांहून अधिक साड्या आणि 750 पादत्राणांचे जोडही होते. या जिनसा नेमक्या कोठे आहेत, याची विचारणा विशेष न्यायालयाला 2023 मध्ये तामिळनाडूच्या दक्षता खात्याकडे करावी लागली. सोने कोषागारात जाते आणि कापड कागदावर उरते, ही आपल्या मालखान्यांची रीतच आहे. देशभर गाजलेल्या खटल्याची ही अवस्था असेल, तर साध्या घरफोडीतील मंगळसूत्राचा पाठपुरावा कोण करणार?

पोलीस ठाण्यात येणारा सारा माल एका जातीचा नसतो. चोरीला जाऊन परत मिळालेली वस्तू, गुन्ह्यात वापरलेले हत्यार, बेवारस सापडलेले सामान, प्रयोगशाळेत धाडावयाचे नमुने, अमली पदार्थ या प्रत्येकाची वाट निराळी हवी. रक्ताने भिजलेला कपडा वाळवून कागदात लाखबंद करावा लागतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला तर बुरशी पुरावा खाऊन टाकते. कर्नाटकात जप्त वस्तूची नोंद 'पी.एफ.' क्रमांकाखाली होते. क्रमांक मात्र वस्तू जपत नाही. व्यवहारात एका कोंदट खोलीत सारेच एकत्र पडते आणि खोलीत न मावणारी दुचाकी आवारात गंजते.

कायदा याबाबत मुका नाही. तत्कालीन म्हैसूर राज्यात एका महिलेचे चोरीस गेलेले दागिने पोलिसांनी हस्तगत केले आणि ते पोलिसांच्याच ताब्यातून नाहीसे झाले. पुरेशी काळजी घेतल्याचे सिद्ध करता न आल्यास किंमत सरकारने भरावी, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये त्या प्रकरणात घातला. पुढे 2002 मध्ये गुजरातेत मुद्देमाल बदलल्याचा आरोप खुद्द पोलिसांवरच आला, तेव्हा सविस्तर पंचनामा व छायाचित्रे घेऊन माल परत करावा, पंधरा दिवस ते महिन्यापलीकडे ठाण्यात ठेवू नये, असे त्याच न्यायालयाने बजावले. हा आदेश वीस वर्षे बव्हंशी फायलीतच राहिला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने त्याला मुदतीचे बळ दिले: न्यायालयाने चौदा दिवसांत मालाचे विवरण करावे, छायाचित्रण करवून घ्यावे आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यावा.

मेख आहे ती चौदा दिवसांच्या आरंभात. मुदत जप्तीपासून धावत नाही; माल न्यायालयापुढे हजर झाल्यापासून धावते. ठाण्याने हजरच केला नाही, तर घड्याळ सुरूच होत नाही.

याचा फटका कोणाला, हे सांगण्यास ज्योतिषी नको. सोलापूर किंवा कोल्हापुराहून नोकरीसाठी बेंगळुरूत आलेल्या तरुणाची दुचाकी चोरीस जाते, सापडते आणि ठाण्याच्या आवारात उभी राहते. कन्नडमधील पंचनामा त्याला वाचता येत नाही. ओळख पटविणे, हमीपत्र, वकील, सुटीचे दिवस हे सारे जुळेपर्यंत त्याची बदली झालेली असते. शहर पोलीस ठरावीक काळाने समारंभपूर्वक दागिने मूळ मालकांना परत करतात. तो उपक्रम स्तुत्यच. पण मालकाचा हक्क समारंभाच्या तारखेवर का टांगावा? प्रत्येक ठाण्याने शिल्लक मुद्देमालाची वर्गवार यादी दरमहा न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे ठेवावी आणि प्रमुखाची बदली होताना मालाची प्रत्यक्ष मोजणी व्हावी, यास नव्या कायद्याचीही गरज नाही.

शिवाय संहितेच्या संक्रमण तरतुदीनुसार 1 जुलै 2024 पूर्वी प्रलंबित असलेले तपास व खटले जुन्याच फौजदारी प्रक्रियेने चालतात. म्हणजे मालखान्यातील ज्या मालाला सर्वाधिक धूळ चढली आहे, त्याला नव्या मुदती लागूच नाहीत. त्या ढिगासाठी कर्नाटक असो वा महाराष्ट्र, गृहखात्याला स्वतंत्र मोहीम आखावी लागेल आणि तिचा आरंभ पेट्या उघडून आत काय उरले आहे, हे मोजण्यापासूनच करावा लागेल.